बाळाच्या अंघोळीचं पाणी कधी कढत, कधी गार का होतं? आणि ते रोज ३७-३८ अंशांवर कसं ठेवायचं?

काल बाळ छान शांत न्हालं. आज पहिला तांब्या अंगावर पडताच ते किंचाळलं, हातपाय ताठ केले, अंग लालबुंद झालं. पाणी रोजच्यासारखंच होतं असं घरात सगळे सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. बादली तीच, गिझर तोच, विसण घालणारा हातही तोच. तरी पाणी वेगळं होतं.

ही तक्रार एकदाच येऊन जाणारी नाही. थंडी सुरू झाली की येते, उन्हाळा लागला की येते, घर बदललं की येते, बाळंतपणाला माहेरी गेलेली मुलगी सासरी परतली की येते. दर वेळी कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला असं धरून घरात बोलाचाली होते. बहुतेक वेळा कारण पाण्याच्या वाटेतच असतं आणि ते शोधून काढता येतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आकडा पक्का करू

बाळाच्या अंघोळीचं पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असावं. निरोगी बाळाच्या शरीराचं तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ असतं, म्हणजे पाणी अंगाइतकंच, फार तर जरासं जास्त ऊन. मोठ्या माणसाला हे पाणी कोमट वाटतं, काहींना तर थंडच वाटतं. इथूनच गोंधळ सुरू होतो, कारण आपल्याला 'छान ऊन ऊन' वाटणारं पाणी बहुधा ४० च्या पुढचं असतं.

वरच्या बाजूला धोका किती झपाट्याने वाढतो ते पाहा. ४९ अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी गंभीर भाजायला काही मिनिटं लागतात. ५४ अंशांना अर्धा मिनिट पुरतं. ६० अंशांना पाचेक सेकंद. हे सगळं मोठ्या माणसाच्या कातडीचं झालं. बाळाची कातडी याहून पुष्कळ पातळ असते, त्यामुळे ती लवकर भाजते आणि खोलवर भाजते. शिवाय त्याला बाजूला सरकता येत नाही. आपल्याकडचे बरेच गिझर ६० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर लावलेले असतात, म्हणजे गरम नळातून येणारं पाणी विसण न घालता बाळाच्या जवळ येणंच धोक्याचं आहे.

आता तुमच्या घरी पाणी कसं तापतं त्यावरून कारण शोधू.

सुरुवातीला कढत, मग गारच: इन्स्टंट गिझर

फ्लॅटमधल्या न्हाणीघरात बऱ्याचदा हा असतो. तीन लिटरची टाकी आणि तीन किलोवॅटची कॉइल. तक्रार ठरलेली: 'नळ सोडला की चटका बसतो आणि अर्धी बादली झाली की कोमटही राहत नाही.'

गिझर बिघडलेला नसतो, तो असाच चालतो. बटण लावून ठेवल्यावर टाकीतलं तीन लिटर पाणी थर्मोस्टॅटच्या मर्यादेपर्यंत तापून बसतं. नळ सोडल्यावर आधी ते येतं. ते संपलं की पुढचं पाणी वाहता वाहताच तापावं लागतं आणि तिथे कॉइलची ताकद तोकडी पडते. तीन किलोवॅटमध्ये एका मिनिटाला एक लिटर पाणी साधारण ४३ अंशांनी तापतं. मिनिटाला दोन लिटर सोडलंत तर जेमतेम २१ अंशांनी, चार लिटर सोडलंत तर ११ अंशांनी. नळाचं पाणी २५ अंश असेल तर नळ बारीक ठेवल्यावर ४६ अंशांचं पाणी येईल, मोठा सोडल्यावर ३६ चं. गिझर एकच आणि फरक दहा अंशांचा, तोही केवळ नळाच्या फिरकीमुळे.

नाशिक-जळगावकडे थंडीत नळाचं पाणी १५ अंशांपर्यंत उतरलं, तर याच गिझरमधून मिनिटाला तीन लिटर घेताना २९ अंशांच्या आसपासच पाणी मिळेल. मग घरातले म्हणतात गिझर गेला, मेकॅनिकला बोलवा. त्यापेक्षा नळ बारीक करा आणि बादली भरायला जास्त वेळ द्या. आणखी एक करा: पाणी उपसायला किंवा बाळाच्या जवळ न्यायला पूर्ण बादली भरेपर्यंत थांबा. तळाशी साचलेलं पहिलं पाणी बाळासाठी कधीच वापरू नका, कारण सगळ्यात कढत तेच असतं.

टाकीचा गिझर

पंधरा-पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये गरम पाणी वरून बाहेर पडतं आणि गार पाणी खालून आत शिरतं. त्यामुळे बराच वेळ सारखं कढत पाणी येतं आणि मग एकदम उतरतं. घरात तुमच्या आधी कुणी अंघोळ केली असेल तर उतार लवकर येतो. बाळाची वेळ ठरलेली ठेवा आणि गिझरचा पहिला हक्क त्याला द्या, एवढ्याने निम्मी कटकट मिटते. तापमान ठरवणारा काटा फिरवता येत असेल तर ५० अंशांच्या आसपास आणून ठेवा. काही गिझरमध्ये तो झाकणाच्या आत असतो, तिथे स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडू नका, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

गॅस गिझर

इथे इन्स्टंट गिझरसारखंच घडतं, पण जास्त जोरात. ज्योत ठरावीक असते, म्हणून पाण्याचा जोर कमी झाला की पाणी जास्त तापतं. समजा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवत असेल. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं किंवा स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला आणि प्रवाह तीन लिटरवर आला, तर तेच पाणी ५० अंशांनी तापायला लागतं. २५ अंशांचं पाणी ७५ अंशांवर पोचेल, किंवा त्याआधी गिझर स्वतः बंद होऊन पुन्हा गार पाणी येईल. जोर अगदीच कमी झाला तर पेटतच नाही. म्हणून गॅस गिझरचं पाणी 'एका क्षणी चटका, दुसऱ्या क्षणी बर्फ' असं येतं. उन्हाळ्यात नॉब उन्हाळ्याच्या खुणेवर आणायला विसरू नका.

याहून मोठी गोष्ट हवेची आहे. बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने आपल्याकडे माणसं दगावली आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. तो आत असेल तर ती जागा बदलेपर्यंत बाळाची अंघोळ दुसऱ्या खोलीत करा. बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवा आणि पाणी खोलीत आणा. बाळाला घेऊन त्या बंद जागेत एक मिनिटही बसू नका.

सोलर

पुण्यासारख्या शहरात सोसायटीच्या गच्चीवर सोलर असतं. निरभ्र दिवशी दुपारपर्यंत त्याच्या टाकीतलं पाणी ६० च्या पुढे सहज जातं. नळीवाल्या सोलरमध्ये ८० च्याही पुढे. अडचण नळ सोडल्यावर कळते. गच्चीपासून नळापर्यंत पाइपात अडकलेलं पाणी गार असतं, ते आधी येतं. माणूस हात घालून पाहतो, 'अजून गारच आहे' म्हणतो, आणि तेवढ्यात मागून टाकीतलं पाणी येऊन पोचतं. खालच्या मजल्यांवर हा वेळ जास्त लागतो, म्हणून फसगतही जास्त. पावसाळ्यात ढगाळ आठवडा गेला तर टाकीत ऊन पाणीच नसतं.

उपाय साधा आहे. पहिलं पाइपातलं पाणी वेगळ्या बादलीत काढा (वाया घालवू नका, तेच पुढे विसणाला लागेल), कढत पाणी यायला लागल्यावर हवं तेवढं घ्या, नळ बंद करा, मग विसण घाला.

बंब, चूल, पातेलं, हीटर

गावाकडे अजून कितीतरी घरी चुलीवरचा हंडा किंवा तांब्याचा बंब आहे आणि त्या पाण्याची ऊब लोकांना आवडते. त्यात चूक काही नाही. फक्त तिथे पाणी किती तापलंय हे जाळावर ठरतं. लाकडं ओली की कमी, कडबा टाकला की भडका. त्यामुळे कालचं प्रमाण आज चालत नाही. पाण्याच्या तापमानाइतकीच जपण्याची गोष्ट म्हणजे ते पाणी नेण्याची वाट. उकळतं पातेलं धरून स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत चालताना वाटेत रांगतं मूल असेल, दाराच्या उंबऱ्याला पाय अडखळला, तर ते पाणी कुणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही. आधी न्हाणीत बादलीत गार पाणी ठेवा, मग कढत पाणी न्या, आणि ते लगेच त्यात ओता. कढत भांडं जमिनीवर उघडं, मुलांच्या हाताशी कधीच ठेवू नका. त्या वेळेपुरतं बाळाला दुसऱ्या खोलीत, कुणाच्या तरी मांडीवर ठेवा.

विजेची हीटर-सळई वापरत असाल तर सॉकेटचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नका. सळई पाण्यात असताना पाणी किती तापलं हे हाताने पाहण्याची सवय जिवावरची आहे. सळईने तापलेल्या बादलीत वरचं पाणी कढत आणि तळाचं गार असतं, हेही लक्षात ठेवा. ते न ढवळता वरून तांब्या भरून घेतलात तर बाळाच्या अंगावर सगळ्यात गरम पाणी पडेल.

विसणाचं प्रमाण ऋतूप्रमाणे का बदलतं

मला वाटतं खरी गोम इथे आहे. घराघरांत एक माप ठरलेलं असतं: 'दोन तांबे कढत आणि चार तांबे गार', 'अर्धी बादली गिझरचं, अर्धी नळाचं'. हे माप कुणीतरी एका ऋतूत बसवलेलं असतं आणि मग वर्षभर तेच चालतं. पण गार पाण्याचं तापमान वर्षभर सारखं कुठे असतं?

हिशेब करून पाहू. गिझरचं पाणी ६० अंश धरा आणि जानेवारीत नळाचं पाणी १८ अंश. दहा लिटरची बादली ३८ वर आणायला साधारण ४.८ लिटर गरम आणि ५.२ लिटर गार लागेल, म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. हेच माप एप्रिलमध्ये वापरलंत, नळाचं पाणी ३० अंश असताना, तर बादली ४४ अंशांवर जाईल. माप बदललं नाही, गिझर बदलला नाही, आणि बाळ रडतंय.

उकळीच्या पाण्याने फरक आणखी वाढतो. थंडीत १८ अंशांच्या पाण्यात एक तांब्या उकळतं आणि तीन तांबे गार घेतलंत तर ३८ च्या आसपास येतं. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्यात तेच एकास तीन प्रमाण ४७ च्याही वर नेतं. २५ अंशांचं पाणी असेल तर एकास पाच घ्यावं लागतं. हे आकडे पाठ करू नका. फक्त इतकं धरा की कढत पाणी जितकं तापलेलं, तितकी विसणात चुकायला जागा कमी. म्हणून उकळी येईपर्यंत पाणी तापवायचंच कशाला? बोट घालवत नाही इतपत तापलं की गॅस बंद करा.

विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांनी आणखी एक पाहावं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं 'गार' पाणी दुपारी स्वतःच चटका देतं. अशा वेळी कितीही विसण घातलं तरी पाणी ३८ पर्यंत उतरतच नाही. बाळासाठीचं गार पाणी पहाटे किंवा आदल्या रात्री बादलीत भरून सावलीत झाकून ठेवा. कित्येक दिवस गरम पाणी तापवायची गरजच पडणार नाही.

वरून कढत, खालून गार

'हात घालून पाहिलं तेव्हा ठीक होतं, पण तिसऱ्या तांब्याला बाळ दचकलं.' गरम पाणी हलकं असतं, वर राहतं. गार पाण्यावर हळूच कढत ओतलं की ते मिसळत नाही, थर होतात. हात घालणारा बहुधा बोटं टेकवून वरचंच पाहतो. म्हणजे कधी पहिला तांब्या कढत, कधी शेवटचा गार. उलट क्रम झाला आणि कढत पाण्यात गार ओतलं तर गार पाणी तळाशी जातं, पण न ढवळता ते पुरतं मिसळेलच असं नाही, त्रास तोच.

क्रम असा ठेवा: आधी गार पाणी, त्यावर गरम पाणी, मग मोठ्या तांब्याने तळापासून उपसून वरून सोडत सात-आठ वेळा चांगलं ढवळा. मग थोडं थांबून तपासा. बादलीच्या कडेचं आणि मधलं, वरचं आणि तळाचं पाणी पाहा. तेल लागलेला हात घालू नका. तेलाने पाण्यावर तवंग येतो.

हाताचा अंदाज का चुकतो

वर्षानुवर्षं धुणं-भांडी केलेले, तवा उचललेले हात. ते ४५ अंशांचं पाणी सहज सोसतात. आमच्या आईचे हात तसे होते आणि तिला कोमट वाटणारं पाणी मला कढत लागायचं. हाताचा गुण आहे तो. मालिशवाल्या मावशींचंही तसंच. त्यांनी आधीच्या दोन घरी गरम पाण्यात हात घालून आल्यावर तुमच्याकडचं पाणी त्यांना निवलेलं वाटतं आणि त्या आणखी कढत मागतात. गार पाण्यातून हात बाहेर काढून बादलीत घातलात तर कोमट पाणीही चटका देतं. त्वचा तापमान मोजत नाही, ती आधीच्या तापमानाशी तुलना करते.

म्हणून हाताऐवजी कोपर किंवा मनगटाची आतली बाजू वापरायला सांगतात. तिथली कातडी पातळ आणि कमी रापलेली असते. कोपर पाण्यात दहा सेकंद तरी ठेवा. पाणी गरमही लागलं नाही, गारही लागलं नाही, तर ते जवळपास बरोबर. 'छान ऊन आहे' असं कोपराला वाटलं तर बाळाला जास्त आहे.

पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालण्याची आपली पद्धत इथे कामाला येते. बसणाऱ्याच्या नडग्यांवरूनच पाणी वाहून जातं, तेव्हा पहिला तांब्या बाळावर न टाकता आपल्या पोटरीवर टाका आणि क्षणभर थांबा. ओतणारी दुसरी व्यक्ती असेल तर बसलेलीने 'हो' म्हटल्याशिवाय तिने बाळावर पाणी सोडू नये. दोन माणसांचा असा होकार असला की चुका कमी होतात.

थर्मामीटर घ्या, पण कुठला?

कोपर चांगलं, पण कोपराने आकडा कळत नाही आणि सासूबाईंशी आकड्यानेच बोलता येतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ज्याची सळई पाण्यात बुडवता येते, तो पुरतो. तापाचा डिजिटल थर्मामीटर मात्र इथे कामाचा नाही. तो आतापर्यंतचा सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो आणि साधारण ४२ अंशांच्या पुढे दाखवतच नाही. काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर बादलीजवळही आणू नका. बंदुकीसारखा, लांबून मोजणारा इन्फ्रारेड काटा फक्त पृष्ठभाग पाहतो, त्यामुळे वाफ आणि चकचकीत स्टीलच्या बादलीने फसतो.

काटा बरोबर आहे का हे तपासायला पेलाभर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात भिजवा, ढवळा आणि सळई तळाला न टेकवता मधोमध धरा. शून्याच्या आसपास दाखवला तर ठीक. मोजताना सळई ढवळत्या पाण्यात, मधल्या उंचीवर धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पंधरा दिवस रोज मोजलंत की कोपरालाही अंदाज बसतो. पण ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

अर्ध्या अंघोळीत पाणी निवलं तर

इथे अपघात सहज होतात, म्हणून थोडं थांबून वाचा. बाळ अंगावर, डोक्याला साबण लागलेला, पाणी गार झालेलं, आणि कुणीतरी धावत गरम पाण्याचा तांब्या आणून बादलीत, कधी थेट टबात ओततं. ते पाणी मिसळायच्या आधीच बाळाच्या पायाला लागतं. बाळ पाण्यात किंवा अंगावर असताना गरम पाणी आणणं बंदच करा. नळ सोडणंही नाही. नळ चालू असताना शेजारच्या न्हाणीघरात फ्लश झाला किंवा कुणी गार पाण्याचा नळ सोडला की गार पाण्याचा जोर घटतो आणि मिक्सरमधून क्षणात कढत पाणी येतं. एका लाइनवर प्रेशर पंप असेल आणि दुसरीवर नसेल तर हा प्रकार रोजचाच. बाळाला कधीही थेट नळाखाली धरू नका.

मग निवलेल्या पाण्याचं काय? आधीच जास्त पाणी तयार करा. दोन लिटर पाणी पटकन निवतं, दहा लिटर सावकाश निवतं, म्हणून बाळ छोटं असलं तरी बादली मोठी भरा. रुंद घंगाळ दिसायला सुरेख, पण उघडा पृष्ठभाग मोठा म्हणून पाणी लवकर उतरतं. उंच बादलीला झाकण घातलं तर टिकतं. थंडीत एक दुसरी बादली, तीही मिसळलेली, ३८ अंशांची आणि झाकलेली, बाजूला ठेवा. खिडकी बंद, पंखा बंद, पंचा-दुपटं-झबलं हाताशी, तेल पुसण्यापुरतं पीठ किंवा साबण हाताशी. हे सगळं आधी मांडलं की अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकते आणि पाणी निवायला वेळच मिळत नाही. नवजात बाळ पाण्याबाहेर, ओल्या अंगाने झपाट्याने गार पडतं. थंडी वाजते ती बहुधा खोलीच्या हवेने आणि उघड्या ओल्या अंगाने, पाण्याने नव्हे. बाळाला हुडहुडी भरते म्हणून पाणी आणखी तापवणारे खूप आहेत. आधी खिडकी बघा.

अगदी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला अंघोळीची घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर पहिले २४ तास अंघोळ टाळायला सांगते. वजन कमी असेल तर डॉक्टर आणखी थांबवतात. तोवर ओल्या मऊ फडक्याने पुसणं पुरतं.

'कढत पाण्यानेच अंग मोकळं होतं'

असं म्हणणाऱ्या आजी-मावशींशी भांडू नका. त्यांनी घरातली कितीतरी बाळं न्हाऊ घातलेली असतात आणि बाळ कसं धरायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. पण एवढं मात्र ठाम सांगा: कढत पाण्याने लाल झालेलं अंग म्हणजे कातडी तापलेली आहे. बाळ अंघोळीनंतर झोपतं ते मालिशमुळे, उबदार दुपट्यात गुंडाळल्यामुळे आणि कधी कधी रडून दमल्यामुळे. ३८ अंशांच्या पाण्याने न्हालेलं बाळही तितकंच गाढ झोपतं. आठ दिवस करून पाहू या, असं म्हणा. टाळू भरणं, अंगाला तेल, सगळं तसंच ठेवा, फक्त काटा बादलीत धरा. मावशींना आकडा वाचून दाखवा. त्यांना तो पटला की पुढच्या घरीही त्या सांगतील.

चटका बसलाच तर

पाण्याबाहेर काढा. अंगावरचं ओलं झबलं, लंगोट लगेच काढा, त्यात गरम पाणी धरून राहतं. करदोटा, वाळे, बिंदल्याही काढा, कारण भाजलेला भाग सुजतो. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं, वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. वीस मिनिटं लांब वाटतात, पण घड्याळ लावा. बाकीचं अंग कोरड्या दुपट्यात झाकून ठेवा, नाहीतर बाळ गार पडेल. उन्हाळ्यात नळाचं पाणीच गरम असेल तर माठातलं घ्या. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, काहीही लावू नका. त्याने डॉक्टरांना जखम पाहता येत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने जखम हलकेच झाका आणि दवाखान्यात जा. इतक्या लहान बाळाला भाजलेलं थोडंसं वाटलं तरी डॉक्टरांनी बघायलाच हवं. चेहरा, हात, पाय, जांघ किंवा मोठी जागा भाजली असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

बाळ बसायला, उभं राहायला लागल्यावर

इथून धोका बदलतो. तोवर पाणी आपण आणत होतो, आता मूल नळाकडे हात नेतं. मिक्सरचा दांडा प्रत्येक अंघोळीनंतर थंडाच्या बाजूला वळवून ठेवा आणि टब किंवा पाट अशा बाजूला मांडा की नळ मुलाच्या पाठीमागे, तुमच्या हाताजवळ राहील. गरम नळाला मूल पकडू शकेल असं काही लटकवू नका. गिझरचं बटण बादली भरली की बंद करा. बाजारात गरम आणि गार पाणी आपोआप ठरावीक अंशांवर मिसळून देणारे मिक्सर मिळतात. नवीन घराचं प्लंबिंग करत असाल तर मुलांच्या न्हाणीघरासाठी तो एक बसवून घ्या. आणि फोन वाजला तर वाजू द्या. बाळाला बादलीजवळ एकटं ठेवून दाराशी जायचं नाही, गेलंच तर त्याला पंच्यात गुंडाळून कडेवर घेऊन जायचं.